नऊशेसाठ, साडेतीनशे आणि खैरूनचाची

परवा आमच्या स्टाफरूममध्ये दोन जुन्या लॅपटॉपवरून चांगलंच रण माजलं. जीवशास्त्राच्या मॅडमना मुलीसाठी सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचा होता. दोन ठिकाणी बोलणं झालं होतं आणि दोन्हींतली ग्राफिक्स कार्डं वेगळी होती. झालं! ज्यांना घरचा टीव्ही लावायला शेजारच्याला हाक मारावी लागते, तेही मेमरीवर बोलू लागले. मी कॉम्प्युटरचा मास्तर, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि अर्धा तास गेम चालवून बघा. पहिल्या पाच मिनिटांत जे दिसतं त्यावर जाऊ नका. मॅडमनी विचारलं, हे कुठल्या साइटवर वाचलंत? मी सांगितलं, म्हसळ्याजवळच्या एका चाचींनी शिकवलं. सगळे हसले. मला मात्र त्यानंतरचा तास काही घेता आला नाही. वर्गाला लिहायला काहीतरी दिलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

खैरुन्निसा हे त्यांचं पूर्ण नाव. अख्खं गाव खैरूनचाची म्हणे. म्हसळ्याहून दिघीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्तीपासून जरा सुटं असं त्यांचं दुमजली घर होतं. कुवेतच्या कमाईतून उभं राहिलेलं. खाली पाय घसरावा इतकी गुळगुळीत लादी, जिन्याला स्टीलचा कठडा, पाच खोल्या, आणि राहणारं माणूस एक. मी तेव्हा म्हसळ्याच्या ज्युनियर कॉलेजात नवा लागलो होतो. घाटावरचा माणूस, सुक्या मासळीच्या वासाने नाक दाबून चालणारा. वरची खोली भाड्याने मिळेल असं कळलं म्हणून गेलो, तर चाचींनी पडवीत बसवलं, चहा दिला आणि आत निघून गेल्या. मी बसलो. चहा संपला, तरी बसलो. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "घ्या खोली." पुढे खूप महिन्यांनी त्यांनी सांगितलं की त्या पडद्याआडून बघत होत्या: हा माणूस घरात डोकावतो का, फोनवर ओरडतो का, कप कुठे ठेवतो.

ही त्यांची पद्धतच होती. कुठल्याही गोष्टीला त्या अर्धा तास देत. "अर्ध्या तासान् समदं कळतंय," असं त्यांचं म्हणणं. इलेक्ट्रिशियनने पंखा दुरुस्त केला की त्याने अर्धा तास बसायचं. पंखा गुरगुरला नाही तरच जायचं. नवा कुकर आला की त्याच्यासमोर त्या खुर्ची टाकून बसत. नात्यातल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवऱ्यामुलाच्या आईशी चाची अर्धा तास फक्त भाकरीच्या पिठावर बोलल्या आणि नंतर मुलीच्या आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे घर नको. का, ते कुणालाच कळलं नाही. पण ते लग्न झालं नाही खरं.

मला आधी या सगळ्याचं हसू यायचं. मग एकदा लक्षात आलं की या पद्धतीत आणखी एक सोय होती. त्यांच्याकडे कुणीही आलं, गॅसवाला येवो नाहीतर मीटर बघणारा, तो अर्धा तास थांबायचाच. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. कुणाला दाखवण्यासारखं ते नव्हतंच.

यजमान उमरचाचा तरुणपणीच कुवेतला गेले आणि तिथेच कामाला राहिले. दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे, ते भल्यामोठ्या खोक्यांसकट. मिक्सर, थर्मास, वाघाचं चित्र असलेली ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या. घरातली एकूण एक वस्तू त्यांनी निवडून आणलेली. चाची म्हणायच्या, "मी बाजारात जाऊन कवा एक चमचा घेतला न्हाय सर. समदं आयतं आलंय." यात अभिमान होता की तक्रार, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. चाचा कायमचे परत आले आणि वर्षभरातच गेले. मग मुलगा अश्फाक दोह्याला गेला, आणि खोकी पुन्हा येऊ लागली. वॉशिंग मशीन आलं, पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, भारीतला फोन आला.

फोन आला, बोलणं मात्र आलं नाही. अश्फाकचा फोन रोज संध्याकाळी यायचा. जिन्यावरून जाता-येता मी तो इतक्या वेळा ऐकला की मला पाठ झाला होता. जेवलास का, जेवलो, काम कसं आहे, चालू आहे. मग दोघंही गप्प. फोन कानाला तसाच. थोड्या वेळाने कुणीतरी एक जण ठेवू का म्हणायचं. ठेवल्यावर चाची तो फोन काही वेळ मांडीवर धरून बसत, वजन बघत असल्यासारख्या. मला त्या वेळी खाली उतरायचं असलं तरी मी वरच थांबायचो.

त्या समजत होत्या की पोरगा मुळातच घुमा आहे, बापावर गेलाय. मग एका वर्षी तो सुट्टीवर आला. गोरटेला, हसरा मुलगा. माझ्याशी चार शब्द नीट बोलला. आईसमोर मात्र खाली मान. जेवण झालं की आपल्या खोलीत जायचा, दार लोटायचा आणि लॅपटॉपवर ट्रक चालवायचा. असा एक खेळ आहे: मोठमोठे ट्रक, लांबच लांब परदेशी रस्ते, एका गावाचा माल दुसऱ्या गावाला पोचवायचा. बरेच जण मिळून तांडा करून जातात आणि कानाला यंत्र लावून एकमेकांशी गप्पा मारतात. आपल्या किनाऱ्यावरची, आखातात कामाला असलेली पोरं दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर असा तांडा काढायची. श्रीवर्धनचा, मुरूडचा, दापोलीचा, ज्याला वाटेल त्याने यावं.

चाची त्याच्यासाठी चहा घेऊन गेल्या आणि दाराशी थबकल्या. आत अश्फाक खो खो हसत होता. कुणाची तरी नक्कल करत होता, साहेबाची असावी. मग दिघीच्या जेटीवर लहानपणी तो पाण्यात पडला होता, तो किस्सा त्याने रंगवून सांगितला. चाचींना तो किस्सा माहीतच नव्हता. त्याने घरी कधी सांगितला नव्हता. चहा गार झाला, चाची दाराबाहेर उभ्याच.

तो परत गेल्यावर एका दुपारी पडवीत त्यांनी मला हे सगळं सांगितलं. रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, "माझा पोरगा बोलका हाय, सर. मना ते दाराआडून कळलं." मग मलाच विचारलं की तो खेळ खेळायला काय काय लागतं. मला वाटलं, असंच विचारताहेत. पण त्या उठून आत गेल्या, अश्फाकचा कॉलेजातला लॅपटॉप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, यावर चालेल का? मी सांगितलं की यात ग्राफिक्स कार्ड नाही, हा खेळ यावर रांगतसुद्धा जाणार नाही. तर म्हणाल्या, मग कार्ड आणून यात घाला की, पंपाच्या मोटारीला नवी वायंडिंग घालतात तसं. लॅपटॉपचं कार्ड बोर्डालाच डकवलेलं असतं, ते असं काढघाल करता येत नाही, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की कार्ड आणि लॅपटॉप यांचं लग्न असतं. मी म्हटलं, हो, तसंच समजा.

मग आम्ही म्हसळ्याच्या स्टँडजवळच्या संदेशच्या दुकानात गेलो. संदेश जुने लॅपटॉप मुंबईहून आणून विकायचा आणि बोलायचाही तसाच, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्याच्याकडे आमच्या कामाचे दोनच होते. एकात नऊशेसाठ नंबरचं कार्ड. लॅपटॉप जाडजूड, कोपरे झिजलेले, चार्जर विटेएवढा. दुसऱ्यात साडेतीनशेचं. हा सडपातळ, चंदेरी, वजनाला हलका, कित्येक वर्षांनी नवा आणि अर्थातच महाग. चाचींनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी आणि संदेश एकमेकांकडे बघत राहिलो. नऊशेसाठ मोठं असताना साडेतीनशे जास्त पैशांना कसं? कंपन्यांचे हे नंबर म्हणजे खरोखरच वाऱ्यावरची वरात. मोठा आकडा जुना, छोटा नवा. जुन्याची स्वतःची मेमरी दुप्पट, नव्याची निम्मी, पण त्याचे आतले भाग पुढच्या पिढीचे. मी वहीत काढून वगैरे दाखवायला लागलो. चाची म्हणाल्या, राहू द्या. दोन्ही लावा.

संदेशला वाटलं, पाच मिनिटांचं काम. त्याने दोन्हींवर तो ट्रकचा खेळ लावला, एकच रस्ता, सगळं सारखं. कोपऱ्यात आकडा दिसत होता, सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा. साडेतीनशेवाला पन्नासच्या वर पळत होता, नऊशेसाठ बापडा चाळिशीत. संदेश म्हणाला, "देखो चाची, फरक समोर हाय. नवा तो नवाच." चाचींनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मला कळलं आता काय होणार ते. मी संदेशला चहा सांगायला सांगितलं.

त्या पडद्याकडे फारशा बघतच नव्हत्या. तवा तापला का बघतात तसा उलटा हात कधी या लॅपटॉपच्या जाळीशी धरत, कधी त्या. पंख्याचा आवाज ऐकत. पंधरा-वीस मिनिटांनी चंदेरी लॅपटॉपचा पंखा किंचाळू लागला, पाठ चटका बसेल इतकी तापली आणि आकडा घसरायला लागला. चाळीस झाला, पस्तीस झाला, मग तिशीच्याही खाली गेला. ट्रक अडखळत चालला. जाड्याचा आकडा जिथल्या तिथे. पातळ अंगात उष्णता जायला जागा नसते, मग कार्ड स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतं. हे मला माहीत होतं, वर्गात शिकवलंही होतं. पण तोवर बसून बघायचं मला सुचलं नसतं. संदेशने खिडकी उघडून पाहिली, टेबलफॅन वळवून पाहिला, जरा वेळ आकडा चढला आणि पुन्हा बसला.

"यो पैला जोरान् जातो न् मग दमतो," चाची म्हणाल्या. "दुसरा हळू हाय, पण दमत न्हाय." मी त्यांना सांगितलं की उद्या खेळ आणखी जड झाला तर नऊशेसाठ मागे पडेल, शिवाय बॅटरी मेल्यात जमा आहे, वीज गेली तर इन्व्हर्टरवरच चालवावा लागेल. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मना कुठं लवकर पोचायचंय, सर?"

संदेश त्यावर हसला. मला हसू आलं नाही. जाडा लॅपटॉप त्यांनी स्वतः उचलला, पिशवी नको म्हणाल्या आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसल्या. घरातली ही पहिली वस्तू त्यांनी स्वतः पारखून आणलेली होती. त्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि घाटावरच्या माणसाने पहिल्यांदा बोटं चाटत सुरमई खाल्ली.

पुढचे दोन महिने मी जे पाहिलं त्याचं वर्णन करताना अजून हसू आवरत नाही. ज्या बाईंनी आयुष्यात सायकलला हात लावला नव्हता त्या चाळीस टनांचा ट्रक घेऊन परदेशात निघाल्या. बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवायच्या आणि पहिल्याच वळणावर शेतात. कधी टोलनाक्याला धडकल्या, कधी पेट्रोलपंपातून बाहेरच पडता येईना. अजान झाली की ट्रक रस्त्याच्या कडेला लावून नमाज पढायला जायच्या. परत येऊन बघतात तो मागे सगळा रस्ता तुंबलेला. पण आज आपटल्या त्या वळणावर उद्या आपटायच्या नाहीत. खेळात नाव लागतं, म्हणून मी विचारलं काय घालू. त्यांनी जरा विचार करून सांगितलं, डेपो.

एक शुक्रवार बघून डेपो त्या तांड्यात सामील झाला. माईक बंद. चाची ऐकणार, बोलणार नाहीत, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. बसण्यापूर्वी त्यांनी ओढणी डोक्यावरून नीट घेतली. मी म्हटलं, चाची, तिकडून तुम्ही दिसत नाही. त्या म्हणाल्या, परके मरद हायत ना पण. पोरांनी नव्या ट्रकची थोडी थट्टा केली, बोलत का नाही म्हणून विचारलं. कुणीतरी म्हणालं, माईक नसेल गरिबाकडे, आणि विषय संपला. डेपो सर्वांत मागे. वळणावर तर चालतच जायचा. तांडा पुढे निघून गेला की एक ट्रक मात्र हमखास कडेला थांबलेला असायचा आणि त्यातून हाक यायची, "डेपोवाले, या हळूहळू. घाई न्हाय." तो अश्फाक.

आपल्यासाठीच तो थांबतो आणि आपल्याला ओळखत नाही, याचं चाचींना काय वाटत असेल? मी विचारलं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असायचं ते बाकी सहा दिवसांत पुरवून पुरवून वापरलेलं दिसायचं. शनिवारी मला सांगायच्या, अश्फाकच्या खोलीत नवीन केरळी मुलगा आलाय, अश्फाकच्या बुटाने पाय सोलला, अश्फाक हल्ली डाळ करायला शिकलाय. रोजचा फोन आपला पूर्वीसारखाच चालू होता. त्यात यातलं काहीच नसायचं, आणि चाचींनाही माहीत असल्याचं दाखवता यायचं नाही. एकदा फोनवर त्यांच्या तोंडून निघून गेलं की पायाला तेल लाव. मग घाईने म्हणाल्या, थंडीचं म्हणतेय.

एका शुक्रवारी चाची जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. दारातल्या खुर्चीत बसल्या, दम खाल्ला आणि सांगू लागल्या. तांड्यातल्या कुणीतरी अश्फाकला विचारलं होतं, या सुट्टीला घरी जाणार का. तो म्हणाला, जाऊन करू काय? अम्मीला माझ्याशी बोलायला नसतं काही. दोन सवाल करते नि गप बसते. मी बोललो तर तिला कंटाळा येत असेल.

"मना कंटाळा?" एवढंच म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं, चाची, आता माईक चालू करा. सांगून टाका. त्यांनी मान हलवली. त्यांची भीती साधी होती आणि मला ती खोटी म्हणता येईना. घरात तो गप्प, फोनवर गप्प. तो मोकळा बोलतो अशी जगात एकच जागा होती आणि तिथे त्या चोरून बसल्या होत्या. "मी हाय हे कळलं का तो तितूनबी जाईल," त्या म्हणाल्या. "मग मी त्याला ऐकू कुठं?" न बोलावं तर तो आयुष्यभर समजणार की आईला आपला कंटाळा. त्या उठल्या आणि कठडा धरून हळूहळू खाली गेल्या. रात्री खालचा दिवा बराच वेळ चालू होता.

त्याच सुमारास मला घाटावर माझ्या गावाजवळच्या कॉलेजात नोकरी मिळाली. सामान फार नव्हतं. म्हसळ्याचा टेम्पोवाला म्हणाला, जुम्म्याची नमाज झाली की येतो. म्हणजे माझं निघणंही शुक्रवारी दुपारीच आलं. खोके खाली उतरवून चाचींचा निरोप घ्यायला गेलो तर त्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. तांडा निघाला होता. मला पाहून त्यांनी कानाच्या यंत्राची वायर उपटली आणि आवाज मोकळा केला. म्हणाल्या, "थांबा सर. तुमी असताना बोलते."

ओढणी सारखी केली. बटण दाबलं. पोरं कुणाच्या तरी लग्नावरून एकमेकांची टर उडवत होती.

"अश्फाक, मी हाय. डेपो म्हंजे मीच. अम्मी."

हसणं तुटलं. कुणीतरी अरे म्हणालं. पुढचे ट्रक तसेच गेले. एकाचे मागचे दिवे लाल झाले, तो सावकाश कडेला लागला. चाचींनीही आपला ट्रक त्याच्या मागे नेऊन उभा केला. पडद्याच्या कोपऱ्यात तांड्यातल्या लोकांची नावं असतात. जो निघून जातो त्याचं नाव पुसलं जातं. चाची त्या एका नावाकडे बघत होत्या. मीही तिकडेच बघत होतो. त्या नऊशेसाठच्या पंख्याचा आवाज तेवढा खोलीत होता.

"अम्मी," बऱ्याच वेळाने आवाज आला, "तुझा उजवा सिग्नल चालू हाय. मघापासनं."

"कसा बंद करू?"

त्याने कळ सांगितली. चाचींनी दाबली. मग त्याने विचारलं, कवापासनं येतेस? त्या म्हणाल्या, रमजानच्या आधीपासनं. मला वाटलं, आता तो रागावेल, नाहीतर हसेल. दोन्हींतलं काहीच झालं नाही. त्याचा ट्रक हळूच रस्त्यावर आला, चाचींचा त्याच्यामागे. बाकीची पोरं समजूतदार, पार पुढे निघून गेली होती.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, चाची, निघतो. त्यांनी मान वळवली नाही. पुढे वळण होतं.

"गप झाला, सर," त्या म्हणाल्या. वळण पार पडलं. मग पडद्यावरची नजर न काढता, अगदी हलक्या आवाजात, जणू तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून, त्या म्हणाल्या, "पण गेला न्हाय."

मी चपला घातल्या आणि टेम्पोत जाऊन बसलो.